खानदेशच्या उन्हात कबड्डीची मॅट: दहा महिने वापरल्यावर

दसऱ्यानंतर अंथरलेली मॅट. आता पोळा तोंडावर आलाय, म्हणजे एक हिवाळा, एक उन्हाळा आणि निम्मा पावसाळा तिने काढला. जागा जळगाव जिल्ह्यातलं पत्र्याचं शेड, खाली सिमेंटचा कोबा, सकाळ-संध्याकाळ सराव, मुलं-मुली मिळून चाळीसेक खेळाडू. माल म्हणजे ईव्हीए (रबरासारखं मऊ प्लास्टिक) फोमचे एक मीटर बाय एक मीटरचे, ३० मिलिमीटर जाडीचे, दातांनी एकमेकांत अडकणारे १९२ तुकडे. जळगाव चटईचं गाव असल्याने ‘मॅट’ म्हटलं की निम्मे लोक प्लास्टिकची चटईच डोळ्यासमोर आणतात. ही ती नव्हे. मत आधीच सांगून टाकतो: घ्यावी. पण पैसे मोजण्याआधी शेडची पश्चिम बाजू आणि कोबा तपासावा, कारण इकडे मॅट खेळाडूंमुळे कमी आणि ऊन, धूळ, ओल यांनी जास्त जाते.

माल उतरवताना पहिलं काम वजनकाट्याचं. विक्रेता जाडी सांगतो, घनता सांगत नाही, आणि सगळा खेळ घनतेचा आहे. एक चौरस मीटरचा तुकडा असेल तर हिशोब सोपा: किलोतल्या वजनाला हजाराने गुणा, मिलिमीटरमधल्या जाडीने भागा. ३० मिलिमीटरचा तुकडा ३ किलो भरला तर घनता घनमीटरला १०० किलो. आमची मागणी तीच होती. गठ्ठे सोडून एकेक तुकडा काट्यावर घातला तेव्हा एकवीस तुकडे २.६ किलोच्या आसपास निघाले, म्हणजे ८७. वरून रंग तोच, पोत तोच. विक्रेता म्हणाला, ‘एवढा फरक चालतो.’ चालत नाही. वाद घालून सगळे बदलून मिळाले नाहीत, म्हणून हलके तुकडे आम्ही बाहेरच्या कडेला लावले. दोन हलके तुकडे मात्र मुद्दाम ‘निदान रेषे’जवळ (चढाई करणाऱ्याला ओलांडावी लागते ती रेषा) ठेवले होते. तिथे खेळाडूंचा पाय सगळ्यात जास्त रोवला जातो. पाचव्या महिन्यात त्या जागी बोट दाबलं की खळगा पडायचा आणि लगेच भरून यायचा नाही. शेजारचे तीन किलोवाले अजून ताठ आहेत.

अंथरण्यात बहुतेक जण एक चूक करतात: भिंतीपासून सुरुवात. पुरुषांचं मैदान १३ बाय १० मीटर. तेरा विषम, त्यामुळे अंतिम रेषेपासून तुकडे मांडत गेलं की मध्यरेषा सातव्या रांगेच्या पोटातून जाते. त्याऐवजी मध्यरेषा सांध्यावर धरून दोन्हीकडे आठ-आठ रांगा टाकाव्यात. रुंदीला बारा तुकडे घेतले की दोन्ही बाजूंना मैदानाबाहेर एकेक मीटर उरतो आणि अंतिम रेषेमागे दीड मीटर. असं मांडलं की राखीव क्षेत्र, म्हणजे मैदानाच्या दोन्ही बाजूंच्या कडेचा पट्टा, जो एक मीटरचाच असतो, बरोबर एका रांगेत बसतं. ती रांग वेगळ्या रंगाची मागवली तर पट्टीचं काम वाचतं. महिलांचं मैदान १२ बाय ८. त्याच्या निदान, बोनस (जादा गुणाची) आणि अंतिम रेषा मध्यापासून ३, ४ आणि ६ मीटरवर, म्हणजे तिन्ही सांध्यांवर येतात, आणि बाहेरची बाजू पुरुषांच्या राखीव क्षेत्राच्या आतल्या रेषेवर. पुरुषांच्या ३.७५ मीटरवरची निदान आणि ४.७५ मीटरवरची बोनस या रेषा मात्र तुकड्यावरच आखाव्या लागतात. काटकोन बघायला सुताराचा गुण्या पुरत नाही. दोरीने ३-४-५ मीटरचा त्रिकोण घ्या आणि शेवटी मैदानाचे दोन्ही कर्ण मोजा, १६.४० मीटर आले पाहिजेत. आमच्याकडे पहिल्या खेपेला कर्णांत चार सेंटिमीटरचा फरक आला आणि शेवटच्या रांगेचे दात बसेचनात. सगळी मॅट पुन्हा उचलली. एकूण वजन साधारण ५७० किलो, त्यामुळे काटकोनाची ही चूक दुसऱ्यांदा कोणी करत नाही.

रेषांसाठी पाच सेंटिमीटरची पीव्हीसी पट्टी वापरली. सांध्यावरून सलग ओढलेली पट्टी आठवड्यात फाटते. प्रत्येक सांध्यावर ब्लेडने काप द्यायचा. एप्रिलपासून पट्टीचा गोंदच मऊ पडतो, कडा उचलतात आणि तिथे काळी धूळ चिकटून बसते. पुढच्या वेळी लवचिक रंगाने रंगवू.

आता उन्हाळा. मे महिन्यात इकडे पारा ४४-४५ ला टेकतो आणि पत्र्याखाली दुपारी उभं राहवत नाही. फोम दोन वेगळ्या तऱ्हांनी वागतो आणि लोक त्यांची गल्लत करतात. एक म्हणजे तात्पुरतं फुगणं. ऑक्टोबरात घट्ट बसवलेली मॅट मे महिन्यात लांबीला साधारण साडेतीन सेंटिमीटर वाढली. भिंतीला टेकवून अंथरली असती तर मधे उंचवटा आलाच असता. दोन्ही टोकांना पाच-पाच सेंटिमीटर मोकळे सोडले होते, ते कामी आले. उलट डिसेंबरच्या पहाटे सांधे किंचित उघडतात. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. दुसरी तऱ्हा म्हणजे आकसणं, आणि ते परत फिरत नाही. पश्चिमेच्या शटरमधून चार ते सहा या वेळेत थेट ऊन ज्या रांगेवर पडायचं, तिथला प्रत्येक तुकडा जूनपर्यंत सहा ते आठ मिलिमीटर लहान झाला. फटीत पायाचं बोट जाईल एवढी जागा झाली. असे आठ तुकडे काढावे लागले. शटरला शेतातल्या शेडनेटचा दुहेरी पडदा लावल्यावर प्रकार थांबला. तो पडदा ऑक्टोबरातच लावायला हवा होता, भो.

धुळीचं वेगळंच. कपाशीच्या काळ्या रानाची धूळ पिठासारखी बारीक असते. ती मॅटवर बसली की बुटाच्या तळाखाली मोहरी पसरल्यासारखं होतं. चढाई करणारा वळायला गेला की पाय सटकतो. सरावाआधी रुंद झाडू, मग नीट पिळलेलं ओलसर पोछा, एवढं रोज. आठवड्यातून एकदा बादलीभर पाण्यात दोन चमचे भांड्यांचा साबण, आणि त्यानंतर साध्या पाण्याने दुसरा हात. हा दुसरा हात टाळला की साबणाचा थर राहतो आणि मॅट धुळीपेक्षा जास्त घसरते. फिनाइल, ॲसिड अजिबात नको. बूट शेडमध्ये आल्यावरच घालायचे. बाहेरून घालून आलेल्या बुटातला एक खडा तुकड्यावर वीतभर ओरखडा काढतो.

स्वच्छ मॅटवर गोंदासारखा तळ असलेले बूट मात्र फारच धरतात, आणि मातीतून आलेल्या मुलांना नेमका तिथेच धोका आहे. मातीत अनवाणी पाय थोडा सरकतो, म्हणून अंग वळतं तेव्हा गुडघ्यावर ताण कमी येतो. मॅटवर पाऊल जिथे पडलं तिथेच राहतं. वरून कंबर फिरली की पीळ थेट गुडघ्यात जातो. त्यामुळे पहिले तीन आठवडे पूर्ण वेगाने वळणं बंद ठेवलं. वळताना टाच उचलून चवड्यावर फिरायचं, लहान लहान पावलं टाकायची, एवढंच घोटून घेतलं. घोट्याची पकड करणाऱ्या कोपऱ्याच्या खेळाडूंना त्रास दुसराच. सूर मारला की कोपर-गुडघ्याची साल निघते. मातीतलं खरचटणं परवडलं, हे भाजल्यासारखं झोंबतं आणि घामाने चिघळतं. गुडघ्याचं पॅड आणि पूर्ण बाह्यांचा घट्ट टी-शर्ट नसेल तर त्या दिवशी पकडीचा सराव नाही. जखम उघडी असेल तर मॅटवर यायचं नाही. गजकर्ण एका मुलाला झालं की पंधरा दिवसांत पाच जणांना होतं.

माती सोडून चालणार नाही, हेही लक्षात ठेवावं. गावोगावच्या स्पर्धा अजून मातीवरच होतात. म्हणून आठवड्यातून एक संध्याकाळ मुलं बाहेरच्या मैदानात अनवाणी खेळतात.

पावसाळ्यात वरून काही कळत नाही. ईव्हीएचे बुडबुडे बंद असल्याने फोम पाणी पीत नाही, पण कोब्याची ओल वर येऊन मॅटखाली कोंडते. जुलैत कुबट वास आला म्हणून मधली रांग उचलली तर खाली काळी बुरशी. मॅट घेण्याआधी एक साधी परीक्षा करा: कोब्यावर हातभर प्लास्टिकचा कागद चारही कडांनी चिकटवा आणि रात्रभर ठेवा. सकाळी आतून थेंब दिसले की कोबा ओल देतोय. मग २०० मायक्रॉनचा पॉलिथिन कागद वीतभर एकमेकांवर चढवून आधी अंथरा. आम्ही हे नंतर केलं. आता जुलै-ऑगस्टमध्ये दर पंधरा दिवसांनी मॅट उचलून खालची बाजू पुसतो. चार जणांना पाऊण तास लागतो. प्रत्येक तुकड्याच्या पाठीवर मार्करने रांग आणि जागेचा आकडा लिहिला आहे, कारण वापरलेला तुकडा दुसऱ्या जागी नीट बसत नाही. रचताना आडवेच रचायचे, वीसच्या वर नाहीत. उभे ठेवले की दात वाकतात. शेजारच्या गोदामातल्या उंदरांनी एका थप्पीचा कोपरा कुरतडला, तेव्हापासून ढीग लाकडी फळ्यांवर.

सोबत घेतलेलं तीस सेकंदांचं चढाईचं घड्याळ ठीक आहे. बॅटरीवालं घ्या, वीज गेली की भिंतीवरचं बंद पडतं.

मागवताना त्याच लॉटचे दहा तुकडे जास्तीचे घ्या. दुसऱ्या लॉटचे दात केसभर वेगळे कापलेले असतात आणि ठोकून बसवले की शेजारचा तुकडा उचलतो. आमच्या दहातले आठ शटरजवळ गेले. दोन उरलेत, ते कुलपात आहेत.