बब की टारमॅन?

दोघेही 1985च्या भयपटांतले झोंबी, म्हणजे चालती-फिरती प्रेतं; सरस कोण, एवढाच प्रश्न. बब जॉर्ज रोमेरोच्या 'डे ऑफ द डेड'मधला, टारमॅन डॅन ओबॅननच्या 'द रिटर्न ऑफ द लिव्हिंग डेड'मधला.

बबची (शर्मन हॉवर्ड) ताकद चेहऱ्यात आहे. टॉम सॅव्हिनीच्या मेकअपने डोळे झाकले नाहीत, आणि तिथेच काम फत्ते झालं. सिनेमातला शास्त्रज्ञ डॉ. लोगन त्याच्यासमोर वस्तरा, पुस्तक, टेलिफोन ठेवतो. बब प्रत्येक वस्तू आधी उलटसुलट करून पाहतो, मग हाताला जुनी सवय आठवते. हेडफोनवर बीथोव्हेन ऐकताना त्याचा जबडा सैल पडतो. लष्करी अधिकारी कॅप्टन ऱ्होड्सला तो सलाम ठोकतो. ऱ्होड्स उलट सलाम करत नाही. मग लोगन रिकामं पिस्तूल देतो, बब नेम धरून घोडा ओढतो. शेवटी तोच सलाम परत येतो तेव्हा अंगावर काटा येतो.

टारमॅनला असली माया नाही. लष्करी पिंपातून निघालेलं, डांबरासारखं ठिबकणारं हे प्रेत. आत ॲलन ट्रॉटमन हा कठपुतळी कलाकार, म्हणून चाल अशी की सांधे दोरीवर लटकलेत. पण डोकं शाबूत: कपाटात लपलेल्या मुलीसाठी तो दाराला साखळी लावून विंच (साखळी ओढायचं यंत्र) फिरवतो आणि 'ब्रेन्स', म्हणजे मेंदू, मागतो. पडद्यावर जेमतेम काही मिनिटं, बास.

नुसत्या दिसण्यावर गुण द्यायचे तर टारमॅन. पण पुन्हा बघायला बसाल तर बबच लावा. त्याच्या हाताकडे लक्ष ठेवा.