विजापूर गाईडेड टूर : इब्राहिम रोजासाठी तरी नक्की घ्या

विजापूरला गेलेली बहुतेक मंडळी गोल घुमटात आरोळ्या ठोकून, तोफेजवळ फोटो काढून परत निघतात, पण ही टूर वेगळी आहे, सगळा भर दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहावर (1580 ते 1627), आणि खरं सांगू तर विजापूर बघायचं ते याच्यासाठीच. घुमट त्याच्या मुलाचा, महंमद आदिलशाहाचा.

गाईडकाका मराठी छान बोलतात. सुरुवात चांदबिबीपासून करतात, कारण इब्राहिम गादीवर आला तेव्हा जेमतेम नऊ वर्षांचा होता आणि सुरुवातीला कारभार या चुलतीने सांभाळला. मग थेट इब्राहिम रोजा. एकाच चौथऱ्यावर समोरासमोर कबर आणि मशीद, मधे हौद, आणि खिडक्यांच्या जाळ्या म्हणजे दगडात कोरलेली अक्षरंच, नुसती नक्षी नाही! बेगम ताज सुलतानासाठी काढलेलं काम, पण आधी गेला इब्राहिम. इथे काकांनी अजिबात घाई केली नाही, बसवून किताब-ए-नौरसबद्दल सांगितलं, बादशाहाने स्वतः दखनीत, म्हणजे दख्खनच्या जुन्या उर्दूत, रचलेली गाणी, रागांनुसार लावलेली, त्यात गणपती आणि सरस्वतीला वंदन, लाडक्या तंबोऱ्याचं नाव मोती खान आणि हत्तीचं आतश खान. लोक त्याला जगद्गुरू म्हणायचे ते उगाच नाही. हा भाग फुल्ल पैसा वसूल.

तक्रार एकच पण मोठी, नौरसपूर. शहराच्या पश्चिमेला तोरवीजवळ 1599 मध्ये त्याने संगीतासाठी नवं शहर वसवायला घेतलं, तिथला संगीत महाल आज पडक्या अवस्थेत का होईना उभा आहे, आणि तिथे आम्हाला गाडीतून उतरवून लगेच परत बसवलं. ते शहर 1624 ला निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याने लुटलं, का तर आदिलशाहाची फौज मुघलांच्या बाजूने भातवडीच्या लढाईत निजामशाहीविरुद्ध उतरली होती म्हणून, आणि त्या लढाईत निजामशाहीकडून लढलेले शहाजीराजे पुढे याच इब्राहिमच्या चाकरीत गेले. मराठी ग्रुपला हे सांगायलाच हवं होतं, एक अक्षर नाही.

बुकिंग करतानाच तोरवीला जास्त वेळ द्या म्हणून सांगून ठेवा, वाटल्यास घुमट वगळा, तो स्वतःचा स्वतः बघता येतो. बाकी टूरला माझे पाचपैकी चार स्टार.