‘एमा’ काही महिने वाचल्यानंतर: एक पियानो आणि वाचकांची न जुळणारी मते

गेल्या पावसाळ्यात मी जेन ऑस्टिनची ‘एमा’ वाचायला घेतली. एकदा सलग वाचून झाली, मग येता-जाता तिचे ध्वनिमुद्रण ऐकले आणि त्यानंतरचे काही महिने मधली प्रकरणे पुन्हा पुन्हा उघडण्यात गेले. आमच्या वाचनगटातील बऱ्याच जणी रिजन्सी काळातल्या, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या इंग्लंडमधल्या, ‘क्लीन’ प्रेमकथा आवडीने वाचतात, म्हणजे ज्यांत नृत्याचे समारंभ, पत्रे, गैरसमज आणि शेवटी लग्न असते, पण शयनगृहाचे दार वाचकासाठी उघडत नाही. या प्रकारातली, त्यातही संगीत असलेली कादंबरी कोणी विचारली की मी हेच नाव घेते. त्यावर काही जणी पुस्तकाच्या प्रेमात पडतात आणि काही जणी पहिला खंड संपण्याआधीच ते परत करतात. असे का होते याविषयी माझे आता एक ठाम मत झाले आहे. या कादंबरीतली खरी प्रेमकथा पियानोच्या आडून चालते आणि तिकडे कान नसेल, तर वाचकाच्या हाती एका गावातल्या चहापाण्याच्या गप्पा तेवढ्या लागतात. पुढे कथानकातले रहस्य उघड करावे लागणार आहे, हे आधीच सांगून ठेवते.

मते न जुळण्याची ही परंपरा पुस्तकाइतकीच जुनी आहे. जॉन मरे यांनी ‘एमा’ डिसेंबर १८१५ मध्ये तीन खंडांत प्रसिद्ध केली. शीर्षकपानावर साल १८१६ चे आहे, आवृत्ती २००० प्रतींची होती आणि किंमत २१ शिलिंग. त्यानंतर नातेवाइकांनी आणि परिचितांनी काय काय म्हटले, ते लेखिकेने स्वतःच टिपून ठेवले आणि त्यातली बोचरी मतेही गाळली नाहीत. नौदलात असलेल्या भावाला, फ्रँकला, त्यातल्या सहजपणामुळे ही कादंबरी आधीच्या सगळ्यांपेक्षा आवडली. ‘एडिंबरा रिव्ह्यू’ या नियतकालिकाच्या जेफ्री यांना तिने तीन रात्री जागवले. मिसेस डिगवीड यांनी मात्र लेखिकेची ओळख नसती तर पुस्तक संपवणे कठीण गेले असते, असे सांगून टाकले, आणि फाउल नावाच्या गृहस्थांनी पुस्तक रंजक नाही असे ऐकल्यामुळे पहिले आणि शेवटचे प्रकरण वाचून काम भागवले. मराया एजवर्थ या त्या काळच्या नामवंत कादंबरीकार. त्यांनी पहिल्या खंडानंतरच हात टेकले, यात कथाच नाही अशी तक्रार केली आणि एमाच्या वडिलांना प्रिय असलेल्या पातळ पेजेची आठवण काढली. आजच्या वाचकांच्या एक ताऱ्याच्या अभिप्रायांत ‘काही घडतच नाही’ हे वाक्य दिसते, तेव्हा मला ही पेज आठवते.

घडते ते असे. हायबरी हे लंडनपासून सोळा मैलांवरचे गाव. तिथे एका घराच्या वरच्या मजल्यावर मिस बेट्स आपल्या वृद्ध आईसोबत ओढगस्तीत राहते आणि तिची अनाथ भाची जेन फेअरफॅक्स काही महिने राहायला आलेली आहे. जेन पियानो उत्तम वाजवते आणि गातेही, पण त्या घरात वाद्य म्हणून काहीच नाही. याउलट नव्याने पैसा आलेल्या कोल कुटुंबाच्या दिवाणखान्यात नवाकोरा ग्रँड पियानो उभा आहे आणि मिसेस कोलला एका स्वरातून दुसरा ओळखता येत नाही, हे ती स्वतःच हसत सांगते. अशात एके दिवशी ब्रॉडवुडच्या कारखान्यातून बेट्सबाईंच्या घरी मोठा चौकोनी पियानो येऊन पडतो. सोबत पत्र नाही, पाठवणाऱ्याचे नाव नाही. ब्रॉडवुड ही लंडनची अव्वल पेढी, आणि चौकोनी पियानो म्हणजे टेबलासारख्या आडव्या पेटीत तारा बसवलेले, लहान खोलीत मावणारे वाद्य. त्यामुळे देणाऱ्याने ऐपत आणि जागा या दोन्हींचा विचार केला आहे, हे त्या काळच्या वाचकाला सांगावे लागत नव्हते. जेनला वाढवणाऱ्या कर्नल कॅम्बेल यांनी तो पाठवला असावा, असे गाव ठरवते. एमा मात्र आपल्या कल्पनाशक्तीला जागून जेनचे नाव जेनच्याच मैत्रिणीच्या नवऱ्याशी, मिस्टर डिक्सन यांच्याशी, जोडते आणि हा संशय फ्रँक चर्चिल या देखण्या पाहुण्याच्या कानावर घालते. फ्रँक मान डोलावतो. काही दिवसांपूर्वी तो केवळ केस कापायला म्हणून लंडनला जाऊन आलेला असतो, आणि गावाने त्याच्या नखऱ्यावर हसून तो विषय सोडून दिलेला असतो.

दुसऱ्या खंडाचे दहावे प्रकरण मी सर्वांत जास्त वेळा वाचले. एमा बेट्सबाईंकडे येते तेव्हा वृद्ध आई शेकोटीजवळ पेंगते आहे, फ्रँक टेबलाशी बसून तिच्या चष्म्याची निखळलेली खीळ बसवतो आहे आणि जेन पाठमोरी उभी राहून पियानोकडे पाहते आहे. जमीन असमान असल्यामुळे वाद्य डुगडुगत होते, म्हणून एका पायाखाली कागदाची घडी सारलेली आहे. लेखिका हे सारे अगदी सहज सांगून पुढे जाते. जेन वाजवायला बसते, पण पहिले काही सूर कापरे निघतात, आणि एमा समजते की नव्या वाद्यामुळे तिचे मन थाऱ्यावर नाही. आदल्या रात्री ज्या वॉल्ट्झवर नाच झाला, तो फ्रँक वाजवायला सांगतो आणि मग एका सुरावटीबद्दल, ही वेमथला (जिथे त्याची आणि जेनची आधी भेट झाली होती, त्या समुद्रकाठच्या गावी) वाजली होती ना, असे सर्वांदेखत विचारतो. जेन क्षणभर वर पाहते, लाल होते आणि दुसरेच काही वाजवू लागते. पियानोसोबत आलेल्या स्वरलिपींच्या गठ्ठ्यात क्रेमर या संगीतकाराच्या रचना आहेत आणि आयरिश गीतांचा नवा संग्रहही आहे. तो उलगडत फ्रँक म्हणतो की हे काम घाईने केलेले नाही, खऱ्या मायेशिवाय असे सुचत नाही. एमाला वाटते की तो तिच्या संशयाचा धागा पकडून जेनला टोमणा मारतो आहे. प्रत्यक्षात तो खोलीभर माणसांसमोर आपल्या वाग्दत्त वधूशी बोलत असतो. शेवटी जेन ‘रॉबिन अडेअर’ वाजवते. ही त्याची आवडती धून आहे, असे एमाला कुजबुजून सांगतानाही फ्रँक मिस्टर डिक्सन यांच्याबद्दल बोलतो आहे असेच भासवतो. त्या काळी लग्न ठरल्याशिवाय तरुण-तरुणींनी एकमेकांना पत्र लिहिणेही आक्षेपार्ह होते, मग गुप्त वाङ्‌निश्चयाच्या आडून पियानो पाठवणे किती धोक्याचे, याचा विचार करून हे पान पुन्हा वाचले की अंगावर काटा येतो. या भेटवस्तूत मुलीच्या अब्रूला असलेला धोका त्या मुलाला दिसत नाही, हेही जाणवते. पुढे एमाच्या कुटुंबाचे जुने स्नेही मिस्टर नाइटली या पियानोला पोरकटपणा म्हणतात तेव्हा मी त्यांच्या बाजूने असते.

आमच्या गटात शास्त्रीय गाणे शिकवणाऱ्या एक ताई आहेत. त्यांचा आक्षेप असा की ही संगीताची कादंबरी मानताच येणार नाही, कारण जेन काय वाजवते, कसे वाजवते, स्वर कसा लागतो याचे वर्णन जवळजवळ नाहीच. तक्रार खरी आहे. परंतु लेखिका या विषयात कोरी नव्हती. चॉटन या खेड्यातल्या आपल्या घरात ती रोज सकाळी न्याहारीपूर्वी पियानो वाजवत असे, हे तिच्या भाचीने लिहून ठेवले आहे. स्वतः सुबक अक्षरात उतरवलेल्या तिच्या स्वरलिपीच्या वह्या शिल्लक आहेत आणि साउथॅम्प्टन विद्यापीठाने घरातल्या या वह्यांचे डिजिटायझेशनही केले आहे. चॉटनला जाण्यापूर्वी, १८०८ च्या डिसेंबरात, तीस गिनींत मिळेल तितका चांगला पियानो घेऊ आणि भाचरांना नाचता यावे म्हणून नाचाच्या धुनांचा सराव करू, असे तिने बहिणीला लिहिले होते. अशा बाईने वादनाचे वर्णन टाळले ते मला हेतुपुरस्सर वाटते. आपण सारे एमाच्या कानांनी ऐकतो, आणि एमाला त्या वेळी वादनापेक्षा वादकाच्या भानगडीत जास्त रस असतो.

एमाचे स्वतःचे वाजवणे हा या पुस्तकातला माझा आवडता बारकावा आहे. कोल यांच्या घरी ती आधी बसते, आपल्याला झेपेल तेवढेच वाजवते, टाळ्याही मिळवते. नंतर जेन बसते आणि फरक कोणालाही सांगावा लागत नाही. दुसऱ्या दिवशी एमा मनाला लावून घेऊन दीड तास कसून सराव करते. तेवढ्यात तिची धाकटी मैत्रीण हॅरिएट येते, मला तर दोघींच्या वाजवण्यात काही फरक कळत नाही म्हणते आणि इटालियन गाण्यातला एक शब्द समजत नाही म्हणून ते नावडते असेही सांगते. ही सरावाची लहर टिकत नाही, कारण एमाच्या नावावर तीस हजार पौंड आहेत आणि तिचे काही अडलेले नाही. जेनला मात्र याच कौशल्यावर पोट भरायचे आहे. श्रीमंतांच्या मुलींना शिकवणारी गव्हर्नेस म्हणून ती कामाला लागणार आहे आणि या व्यवसायाला ती बुद्धीचा बाजार मानते. गावच्या पाद्र्याची नवी बायको मिसेस एल्टन तिला मोठ्या उदारपणे समजावते की तुला हार्पही येत असती तर मागशील त्या अटी मिळाल्या असत्या. आपल्याकडे एके काळी ‘मुलगी पेटी वाजवते’ हे स्थळाच्या माहितीत आवर्जून सांगत आणि लग्नानंतर ती पेटी माळ्यावर जाई. त्या घरांत वाढलेल्या वाचकाला मिसेस एल्टन ओळखीची वाटेल. लग्न झाल्यावर बायकांचे संगीत सुटते, अशी खंतही तीच व्यक्त करते आणि आपला पियानो उघडायचे टाळते.

‘क्लीन’ या निकषावर बोलायचे तर कादंबरी इतकी सोवळी आहे की प्रेमकथेच्या नेहमीच्या वाचकांची त्यामुळेच निराशा होते. तिसऱ्या खंडाच्या तेराव्या प्रकरणात नाइटली मनातले बोलतात आणि एमाचे उत्तर लेखिका आपल्याला ऐकवतच नाही. योग्य तेच बोलली, सभ्य स्त्री तसेच बोलते, एवढ्यावर ती मोकळी होते. माझ्या एका मैत्रिणीने इथे पुस्तक बंद करून मला फोन केला होता, आणि तिचा संताप मला समजतो. शार्लट ब्राँटी यांनीही १८५० मध्ये हे पुस्तक वाचून लेखिकेला उत्कट भावनांची ओळखच नसल्याचे लिहिले होते. मला ते पटत नाही, कारण जेनच्या कापऱ्या सुरांत ती उत्कटता मला ऐकू येते. वयाच्या अंतराबद्दलची नापसंती मात्र मी खोडून काढणार नाही. एमा एकविशीला आलेली, नाइटली सदतीस-अडतीसचे, आणि त्यांनी तिला लहानपणापासून पाहिलेले. संवाद कितीही सुंदर असले तरी आजच्या वाचकाला तिथे खटकणारच.

मिस बेट्सच्या अखंड बडबडीवरून सर्वांत जास्त भांडणे होतात. वॉल्टर स्कॉट यांनी ‘क्वार्टरली रिव्ह्यू’मध्ये निनावी लिहिलेल्या परीक्षणात पुस्तकाची मनापासून तारीफ केली, पण अशी पात्रे फार वेळ समोर राहिली की प्रत्यक्षातल्याइतकीच कंटाळवाणी होतात, असे नोंदवले. पानावर तिची भाषणे मीही वरवर चाळली होती. ऐकताना तसे करता येत नाही आणि मग लक्षात येते की चष्म्याची खीळ, भाजलेली सफरचंदे, कोण केव्हा आले आणि केव्हा गेले या पसाऱ्यात कथेचे निम्मे पुरावे दडले आहेत. शेवटाकडे जेन नोकरीवर जायला निघते तेव्हा ती पियानोला उद्देशून काय बोलली, तेही मिस बेट्सच्या तोंडूनच कळते. म्हणून पहिल्या वाचनात कंटाळा आला असेल, तर दुसरी फेरी कानांनी करावी, असे मी सुचवते. लिब्रिवॉक्सवर स्वयंसेवकांनी वाचलेली आणि प्रोजेक्ट गुटेनबर्गवर मजकुराच्या रूपातली ही कादंबरी मोफत मिळते. काही आवृत्त्यांत पंचावन्न प्रकरणे सलग क्रमांकाने असतात आणि काहींत प्रत्येक खंडाचे क्रमांक नव्याने सुरू होतात, त्यामुळे मी उल्लेख केलेले दुसऱ्या खंडाचे दहावे प्रकरण कुठे कुठे अठ्ठाविसावे म्हणून सापडेल.

पहिला खंड जड जाणाऱ्यांना हल्ली मी दुसऱ्या खंडाचे आठवे ते दहावे प्रकरण आधी वाचायला देते. यामुळे रहस्याची गंमत थोडी कमी होते, पण पुस्तक हातात टिकते. एका मैत्रिणीने तेवढे वाचून संपूर्ण कादंबरी पार पाडली आणि तरीही तिला तीनच तारे दिले, कारण तिला जेन फेअरफॅक्स नायिका असलेली कादंबरी हवी होती. लेखिकेच्या टिपणात तिची भाची फॅनी नाइट हिचे मतही असेच आहे: तिला एमा सहन होत नव्हती, आणि जेनविषयी आणखी कळले असते तर ती आवडली असती.