तलावातला गाळ निथळायची जिओट्यूब : नऊ महिने वापरून

भंडारा जिल्ह्यातल्या आमच्या गावचा मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, उन्हाळ्यातही पुरता आटत नाही. जेसीबी उतरवून कोरडा गाळ उचलायची सोयच नाही. पाण्याखालून पंपानं ओढावा लागतो आणि येतो ताकासारखा पातळ. म्हणून डिसेंबरात वीटभट्टीसाठी तीन जिओट्यूब घेतल्या. घट्ट विणीच्या प्लास्टिक कापडाची दहा मीटर लांब पिशवी. गाळ आत राहतो, पाणी कापडातून झिरपून जातं.

पहिली पिशवी वाया गेली. विकणाऱ्यानं सांगितलं होतं, पॉलिमरशिवाय, म्हणजे बारीक कणांचे गोळे करणाऱ्या रसायनाशिवाय चालेल. आमच्या चिकणमातीत नाही चाललं. बारीक कण आतून कापडाला लिंपून बसले. पंधरा दिवसांनी फाडली तर मधे नुसता चिखल.

मग बादल्या मांडल्या. पाच बादल्यांत तोच गाळ, पॉलिमर कमी-जास्त. जिथं गाळाचे दह्यासारखे गोळे होऊन तळाला बसतात आणि वर नितळ पाणी राहतं, ते प्रमाण बरोबर. जास्त झालं तर लाळेसारखी तार सुटते नि कापडाची छिद्रं बुजतात. पंपाची जागा बदलली की गाळ बदलतो, त्यामुळे मी रोज सकाळी बादली लावूनच पंप सुरू करायचो. तलावात मासेमारी करणाऱ्या ढिवर भावांनी मासोळ्यांची काळजी बोलून दाखवली, ती रास्तच होती. कॅटायनिक, म्हणजे धन विद्युतभाराचं पॉलिमर माशांच्या कल्ल्यांना घातक असतं. आम्ही अॅनायनिक, म्हणजे ऋण भाराचं वापरलं आणि झिरपलेलं पाणी आधी खड्ड्यात साठवून मगच तलावात सोडलं.

पिशवी खाली बसली की पुन्हा भरायची, असं तीनदा केलं. दीड महिन्यानं फाडली तेव्हा फावड्यानं वड्या निघाल्या. पण हा गाळ लगेच साच्यात जात नाही. आठ दिवस पसरून, उलटापालट करून उन्हात वाळवावाच लागला. नुसत्या गाळाच्या विटा वाळताना तडकल्या, कारण आमची काळी माती पाण्यानं फुगते आणि वाळताना आकसते. औष्णिक केंद्राची राख आणि राइस मिलचं तूस मिसळल्यावर तडे थांबले. तूस भट्टीत जळतं, जळणही वाचतं. पण जास्त झालं की वीट पाणी पिते. भारतीय मानक १०७७ प्रमाणे साध्या विटेनं २४ तास बुडवल्यावर वजनाच्या २० टक्क्यांहून जास्त पाणी पिऊ नये. माझी पहिली खेप २४ टक्क्यांवर गेली. तूस कमी केल्यावर १७ वर आली.

खरा फायदा जूनमध्ये कळला. भरलेली तिसरी पिशवी पावसात पडून होती, तरी आतला गाळ पुन्हा पातळ झाला नाही. पूर्वी पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर टाकलेला ढीग पहिल्याच पावसात परत तलावात जायचा. मात्र भोवती काट्याचं कुंपण करा. आमच्या एका पिशवीला गुरांनी शिंग मारलं होतं.

फाडलेली पिशवी दुसऱ्यांदा भरता येत नाही, हाच मोठा खर्च. तुमचा तलाव उन्हाळ्यात आटत असेल तर घेऊ नका, सूर्य फुकटात वाळवतो. मी यंदा दोन घेतोय. वरचा सुपीक थर मात्र भट्टीत घालवणार नाही, तो लोकांच्या धानाच्या बांध्यांत जाईल. भट्टीला खालची चिकणमाती पुरते.