काकिएमोन बशी: आधी पांढरा पाहा, मग रंग

सतराव्या शतकाच्या अखेरीस जपानमधल्या आरिता गावी घडलेली, काकिएमोन या कुंभार घराण्याच्या शैलीची अष्टकोनी बशी जुन्या पोर्सेलिनमध्ये (चिनी मातीच्या भांड्यांत) सर्वांत देखणी, आणि तितकीच फसवीही. बहुतेकांचे लक्ष आधी लावे पक्षी आणि फुलांकडे जाते. खरी किंमत मात्र मोकळ्या सोडलेल्या पांढऱ्या जागेची असते.

अस्सल निगोशिदे अंगाचा, म्हणजे या शैलीच्या खास पांढऱ्या मातीचा, पांढरा दुधाळ, किंचित उबदार छटेचा असतो. त्या नावाचा संबंध तांदूळ धुतलेल्या पाण्याशी आहे. आरिताच्या नेहमीच्या भांड्यांवर निळसर झाक दिसते, इथे ती नसते. हे अंग भट्टीत सहज वाकते, तडकते. मध्ये ही कृती लोपलीच होती. काकिएमोन घराण्याने ती १९५३ मध्ये पुन्हा साधली. त्यामुळे नुसता दुधाळ रंग म्हणजे जुनेपणाचा पुरावा नव्हे.

रंगकाम अप्रतिम. आधी झिलई सुमारे १३०० अंशांना पक्की होते, मग रंग चढवून बशी सुमारे ८०० अंशांना पुन्हा भाजतात. निळा आणि हिरवा हे रंगीत काचेचे थर. बोट फिरवले की उंचवटा कळतो. लोहाचा लाल पातळ बसतो. म्हणून दोघांची झीजही निराळी: जाड थराचा ताण झिलईशी जुळला नाही, तर त्याचे टवके उडतात, लाल घासून फिका पडतो. आरिताच्याच इमारी शैलीच्या भांड्यांत निळा झिलईखाली असतो, तिथे बोटाला काहीच लागत नाही.

बशी पारखताना दहापट भिंग आणि अतिनील दिवा बरोबर हवाच. नव्या रंगाने झाकलेली दुरुस्ती बहुधा दिव्याखाली वेगळी चमकते. बशी बोटांच्या टोकांवर तोलून हलकेच टिचकी मारावी. आवाज बद्द आला तर चीर शोधावी. बुडावर टेकूंच्या बारीक खुणा दिसल्या तर तो दोष नव्हे, भाजताना बूड खचू नये म्हणून दिलेल्या आधाराच्या त्या खुणा. युरोपातही या शैलीच्या भरपूर नकला झाल्या, जर्मनीतल्या माइसन कारखान्याच्या तर फारच सुबक. तेव्हा फक्त चित्रावर भिस्त नको.

कडेला छोटा टवका असलेली, पण हात न लावलेली बशी, रंगवून गुळगुळीत केलेल्या बशीपेक्षा केव्हाही चांगली.

धुताना प्लॅस्टिकच्या घमेल्यात टॉवेल अंथरून कोमट पाणी घ्यावे. ब्लीच आणि डिशवॉशर नकोच. जुन्या मीन्यात, म्हणजे वरच्या काचेच्या रंगांत, शिसे असते, म्हणून बशीत आंबट पदार्थ वाढू नयेत. एकावर एक रचायच्याच असतील तर दर दोन बशांच्या मध्ये फलालीन घालावे.