दुबळ्या हुकूमशहाचा वर्ग

प्रा. कृष्ण कुमार यांचे ‘पोलिटिकल अजेंडा ऑफ एज्युकेशन’ हे इंग्रजी पुस्तक १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले. मालवण तालुक्यातल्या प्राथमिक शाळेत अनेक वर्षे शिकवून झाल्यावर ते माझ्या हाती आले, याची थोडी चुटपुट लागली. दिल्ली विद्यापीठात शिक्षणशास्त्राचे अध्यापन केलेल्या या लेखकाने शाळा आणि तिच्याभोवतीचा समाज व संस्कृती यांच्या नात्याचा आयुष्यभर अभ्यास केला आहे.

शिक्षकावरचे प्रकरण सर्वांत सरस उतरले आहे. काय आणि कोणत्या गतीने शिकवायचे हे पूर्वी गावचा पंतोजी ठरवत असे. इंग्रजी अमदानीत तो तुटपुंज्या पगाराचा सरकारी नोकर झाला आणि पाठ्यपुस्तक, परीक्षा व तपासनीस यांनी त्याचा हा अधिकार काढून घेतला. वरिष्ठांपुढे मान तुकवणारा आणि मुलांवर मात्र दरारा गाजवणारा जो शिक्षक त्यातून घडला, त्याला लेखकाने ‘दुबळा हुकूमशहा’ अशा अर्थाचे नाव दिले आहे. दिपोटीसाहेब, म्हणजे शाळा तपासणारे डेप्युटी, येणार म्हणून शाळा सारवून घेतल्याच्या आठवणी आमच्याकडची जुनी माणसे अजून सांगतात, त्यामुळे हे चित्र मला परके वाटले नाही. परके वाटले असते तर बरे झाले असते. मासेमारीवरच्या प्रश्नाच्या उत्तरात एका मुलाने रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे, कशी ओढतात आणि नंतर मासळीचे वाटे कसे घालतात हे नीट लिहिले होते, आणि त्यावर ‘पुस्तकातले उत्तर लिहावे’ असा शेरा मीच मारला होता.

समतेच्या प्रकरणात महात्मा फुले आणि डॉ. आंबेडकर येतात, बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे याच किनारपट्टीवरच्या मंडणगड तालुक्यात असल्याने म्हणा, मला तिथे अधिक तपशील हवासा वाटला.

पाठ्यपुस्तकाच्या सत्तेचे असे निदान करणारा हाच प्राध्यापक पुढे २००४ ते २०१० या काळात एनसीईआरटीचा संचालक झाला, म्हणजे पाठ्यपुस्तके काढणाऱ्या संस्थेच्याच प्रमुखपदी बसला. त्याच काळातल्या २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात, शाळेतले ज्ञान शाळेबाहेरच्या जीवनाशी जोडावे, हे पहिले तत्त्व आहे. ते वाचताना मला ती रापण आठवली.

भाषा मात्र घट्ट आहे. डी.एड.च्या विद्यार्थ्यांनी शिक्षकाच्या प्रकरणापासूनच सुरुवात करावी. माझी प्रत गेले दोन महिने आमच्या केंद्रप्रमुखांकडे आहे. ते पहिल्याच प्रकरणात अडकले आहेत, असे कळते.