टेबलावरचा लेथ आणि बार्शी लाइटची आठ चाकं : अकरा महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या आषाढात हा लेथ, म्हणजे धातू फिरवत ठेवून कापायचं मशिन, घरी आला. तो मी एकाच कामासाठी घेतला. बार्शी लाइट रेल्वेच्या ०-८-४ इंजिनाची मोठी प्रतिकृती बनवायची होती, आणि तीही लातुरातच, घराच्या मागच्या खोलीत. अकरा महिने रोज नाही, पण आठवड्यातले चार-पाच दिवस तो चालला आहे. एखाद्या आठवड्यात काही कळत नाही. मशिनचे खरे गुणदोष दोन ऋतू गेल्यावर दिसतात, म्हणून आत्ता लिहितोय.

आधी इंजिनाविषयी, कारण लेथचं कौतुक आणि तक्रार दोन्ही त्याच्याशी बांधलेली आहेत. बार्शी लाइट १८९७ साली सुरू झाली, तेव्हा ती बार्शी रोडपासून, म्हणजे आजच्या कुर्डुवाडीपासून, बार्शीपर्यंत होती. १९११ मध्ये ती येडशी, ढोकी, मुरूड करत लातूरला पोचली. रुळांमधलं अंतर अडीच फूट, ७६२ मिमी. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरने ती आखली आणि एक नियम घालून दिला : कुठल्याही आसावर ५ टनांपेक्षा जास्त भार पडता कामा नये, मग ते इंजिन असो की डबा. रूळ हलके, दर यार्ड लांबीला ३० पौंडांचे, म्हणून खर्च कमी. पण हलक्या रुळावर ताकदीचं इंजिन चालवायचं तर वजन वाटून द्यावं लागतं. लीड्सच्या किटसन कंपनीने त्यासाठी जी टँक इंजिनं (पाणी इंजिनावरच्याच टाकीत नेणारी) बांधली, त्यांना म्हणूनच आठ जोडचाकं, म्हणजे रॉडने एकमेकांना जोडलेली चाकं, आणि मागे चार लहान चाकं; पुढे लहान चाक नाही. ०-८-४ म्हणजे हेच. सहा आस, प्रत्येकी ५ टन. इतक्या अरुंद रुळावर एवढी चाकं का, हे मला लहानपणी कुणी सांगितलं नव्हतं. कळलं तेव्हा मी ह्या इंजिनाच्या प्रेमात पडलो.

मॉडेल करणाऱ्यांच्या जगात रुळांमधलं अंतर सर्रास पाच इंच, म्हणजे १२७ मिमी धरतात. ७६२ भागिले १२७ करा, बरोबर ६ येतात, पुढे दशांश नाही. त्या दिवशी रात्री मला झोप आली नाही. १:६ म्हणजे वजन २१६ पटींनी कमी. तीस टन धरले तर पूर्ण इंजिन १३९ किलोंच्या आसपास. हे शोकेसमध्ये ठेवायचं खेळणं नाही, यावर माणूस बसून जाऊ शकतो.

माझं मॉडेल नट-बोल्टपर्यंत हुबेहूब नाही, हे आधीच सांगतो. चाकांची मांडणी आणि एकूण ठेवण मूळची आहे. चाकाचं माप १२० मिमी हे माझ्या सोयीचं, आणि फ्रेम मी चाकांच्या आत घेतली आहे.

आता लेथ. चिनी बनावटीचा, बेडवर (खालच्या लांब पायावर) १८० मिमी स्विंग, म्हणजे तेवढ्या व्यासाचं काम फिरू शकतं, दोन सेंटरमध्ये, म्हणजे काम दोन्ही टोकांना धरणाऱ्या टोकदार आधारांमध्ये, ३५० मिमी, मोटर ५५० वॉटची, वेग फक्त नॉबने बदलायचा, गिअरबॉक्स नाही. किंमत एका चांगल्या स्कूटीएवढी. ब्रँड सांगत नाही, कारण याच बांध्याचे लेथ वेगवेगळ्या नावांनी विकले जातात आणि खाली जे लिहितोय ते बहुतेकांना लागू पडेल.

खोका उघडल्यावर सगळ्या मशिनवर चिकट तपकिरी ग्रीस होतं. ते ग्रीस गंजापासून वाचवायला असतं, वंगण म्हणून नाही. तसंच चालू केलं तर त्यातली वाळू-धूळ बेडमध्ये घासते. सगळं सुटं करून डिझेलने धुतलं, त्यात दोन रविवार गेले. धुताना लक्षात आलं की क्रॉस स्लाइडची (टूल आडवं आत-बाहेर नेणाऱ्या भागाची) गिब पट्टी, म्हणजे ढिलेपणा घालवणारी पट्टी, एका टोकाला घट्ट आणि दुसऱ्या टोकाला सैल आहे, आणि सॅडल (टूल घेऊन बेडवर सरकणारा भाग) बेडवरून किंचित उचलतो. पट्टी ऑइलस्टोनवर घासून बसवली, सॅडलखाली पातळ शिम (पत्र्याचे तुकडे) घातले. टेलस्टॉकही, म्हणजे कामाचं उजवं टोक धरणारा भागही, रेषेत नव्हता. २५ मिमीचा बार सेंटरवर धरून हलका कट घेतला तर २०० मिमीत ०.११ मिमीचा फरक. टेलस्टॉककडचं टोक जाड आलं, म्हणजे टेलस्टॉक आपल्यापासून लांब गेलेला. फरकाच्या निम्मा आपल्याकडे सरकवायचा, पुन्हा कट, पुन्हा माप. चार फेऱ्यांत ०.०१ वर आला आणि अकरा महिन्यांत तिथून हलला नाही. त्याबद्दल ह्या मशिनला मी पूर्ण मार्क देतो. बेड चांगला आहे. वर बसवलेलं काम घाईचं आहे.

चाकांचा पॅटर्न, म्हणजे ओतकामाचा नमुना, सागवानाचा, आमच्याच गल्लीतल्या सुताराकडून करून घेतला. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, थंड होताना साधारण शंभराला एक आकसतं. तेवढं धरून आणि दोन्ही बाजूंना ३-३ मिमी कापायला ठेवून माप दिलं. पॅटर्नच्या पुढच्या अंगाला एक जाड खुंटा मुद्दाम ठेवला, कारण लेथच्या १०० मिमीच्या चकमध्ये (काम धरणाऱ्या जबड्यात) हे चाक कडेने धरताच येत नाही. ओतकाम कोल्हापूरहून करून आणलं. नऊ नग आले, त्यातल्या एकाच्या फ्लँजमध्ये (रुळाच्या आत राहणाऱ्या कडेत) सुईच्या नेढ्याएवढं भोक निघालं. एक नग मी जास्तीचा मागवला होता, म्हणून अडलो नाही.

आणि इथे लेथची कसोटी लागली. १२० मिमीच्या बिडाला एचएसएस (हाय-स्पीड स्टील) टूलने कापायचं तर मिनिटाला ५०-६० फेरे हवेत. हा लेथ कागदावर तेवढा हळू फिरतो, पण त्या वेगात मोटरमध्ये दम राहत नाही. ओतीव बिडाच्या वरच्या कातडीत वाळू असते, ती कडक असते, तिच्याखाली टूल घुसवलं नाही तर टोक दोन फेऱ्यांत बोथट होतं. आणि घुसवलं की मशिन थांबायचं. शिवाय क्रॉस स्लाइडवरून जेमतेम ११० मिमी व्यासाचं काम फिरतं, त्यामुळे सॅडल चाकाच्या उजवीकडेच ठेवून टूल लांब बाहेर काढावं लागतं. लांब टूल म्हणजे थरथर. पहिल्या चाकाच्या तोंडावर अशी लाट उमटली की बोट फिरवलं तरी कळत होती.

ते चाक घेऊन एमआयडीसीतल्या एका जुन्या टर्नरकाकांकडे गेलो. त्यांनी नखाने लाट खरवडली आणि विचारलं, "काय करायलाव सर, एवढ्याशा मिशनीवर बिडाचं चाक कापायलाव?"

"हो काका. होईल का?"

"होतंय की. पन दोन सूत एकदम खाऊ नका. कार्बाइड लावा, फेरे वाढवा, अन् मिशन बारकी हाय हे ध्यानात ठिवा. पाच कटाचं काम पंधरा कटात करा."

तेच केलं. कार्बाइड टिप (एचएसएसपेक्षा कडक), मिनिटाला १८० फेरे, पहिला कट कातडीखाली घुसेल एवढा आणि पुढचे सगळे पाव मिमीच्या आत. लाट गेली. कॅलथ्रॉपने आसांवर भार वाटला, काकांनी मला कटांवर वाटायला सांगितला, असं मला त्या दिवशी वाटलं आणि अजूनही वाटतं. एका चाकाला मोठ्या लेथवर लागला असता त्याच्या तिप्पट वेळ लागला. पण ज्याला रोज रात्री दोन तास आहेत, त्याला चालतं.

बिडाला तेल लावत नाहीत, कोरडंच कापतात. निघतो तो छिलका नसतो, काळी बारीक पूड असते, काजळासारखी. ती तेलकट बेडवर बसली की सॅडलखाली घासकागदाचं काम करते. बेडवर वर्तमानपत्र पसरायचं, लोहचुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पूड उचलायची, पिशवी उलटी केली की पूड आत आणि चुंबक बाहेर. मास्क हवाच. माझी बायको म्हणते की घरात चूल नाही पण रुमालावर काजळ आहे, आणि तिचं खरं आहे. व्हॅक्यूमची सोय पहिल्याच दिवशी करायला हवी होती.

उन्हाळा हा ह्या मशिनचा सगळ्यात अवघड काळ. मे महिन्यात मागच्या खोलीत दुपारी बसवत नाही, आणि संध्याकाळी गल्लीतले कूलर सुरू झाले की व्होल्टेज उतरतं. वेग नियंत्रित करणारा बोर्ड तापून मधेच कट-ऑफ घ्यायचा. दोनदा फिनिशिंग कट चालू असताना थांबला आणि कामावर रेघ उमटली. शेवटी स्टॅबिलायझर घेतला, बोर्डापाशी छोटा पंखा लावला आणि काम पहाटे पाच ते साडेसात या वेळेत हलवलं. तेव्हापासून एकदाही थांबला नाही. मराठवाड्यात हा लेथ घेणाऱ्याने स्टॅबिलायझरचे पैसे लेथच्या किमतीतच धरावेत.

उष्णतेचा आणखी एक धडा मापाचा. तिसरं चाक उतरवून लगेच मोजलं, बरोबर १२० भरलं. चहा पिऊन आलो, पुन्हा मोजलं, ११९.९८. कापताना चाक तापतं. वीस अंशांच्या फरकाने १२० मिमी बिडात साधारण ०.०२५ मिमीचा फरक पडतो. एका चाकाचं हे चालून जाईल. आठ जोडचाकांचं नाही. ती रॉडने एकमेकांना बांधलेली असतात, सगळ्यांना एका वेळी एकच फेरा घ्यावा लागतो. एखादं ०.१ मिमीने लहान असेल तर दर फेऱ्याला ०.३ मिमी रूळ कमी चालतं, म्हणजे ते घसरतं किंवा रॉडला ओढ बसते. म्हणून मोजून-मोजून आठ चाकं सारखी करायची नसतात. सारखी होतील अशी मांडणी करायची असते.

मांडणी अशी. फेसप्लेट, म्हणजे काम बोल्टने बांधायची गोल तबकडी, लेथवर चढवली, तिच्या मधोमध १६ मिमीचा खुंटा तिथल्या तिथे टर्न केला आणि आठही चाकं होईपर्यंत काढला नाही. प्रत्येक चाक मागच्या बाजूने आधीच साफ करून, भोक रीमर मारून (नेमक्या मापाला आणून) तयार होतं. ते खुंट्यावर बसवायचं, आऱ्यांमधून बोल्ट आवळायचे, जवळ येईपर्यंत कापायचं आणि सोडून द्यायचं. आठही अशी झाल्यावर शेवटचा कट. टूलची टिप नवी, क्रॉस स्लाइड एका मापावर नेऊन लॉक केली आणि तिला नंतर हात लावला नाही. पुढे-मागे फक्त सॅडल. चाक बसवा, फिरवा, सॅडल हळू आत, हळू बाहेर, थंड होऊ द्या, उतरवा. पहिल्या पाच चाकांचा आवाज एकच होता, कोरडा, सलग, पाटीवर पेन्सिल ओढल्यासारखा. सहाव्याला मधेच टिक असा आवाज आला आणि माझा हात थांबला. एका आऱ्याचा बोल्ट सैल होता. आवळला, पुन्हा घेतलं. दुसऱ्या दिवशी पहाटे आठही चाकं एका ओळीत ठेवून मायक्रोमीटर लावला. सगळ्यात मोठं आणि सगळ्यात लहान यांत ०.०१ मिमीचं अंतर. स्कूटीच्या किमतीत आलेल्या मशिनने, मागच्या खोलीत. मी आईला उठवून दाखवलं.

वाईट अनुभव म्हणजे गिअर. आस दोन सेंटरमध्ये धरून टर्न करताना ऑटो फीड (सॅडल आपोआप सरकवणारी सोय) वेळेवर सुटला नाही, सॅडल अडला आणि ती चालवणाऱ्या प्लॅस्टिकच्या चेंज गिअरचे दात गेले. गिअर गेला म्हणून लीडस्क्रू, म्हणजे सॅडल सरकवणारा लांब स्क्रू, वाचला, ते एका अर्थी बरंच. पण विक्रेत्याने सुटा गिअर द्यायला दोन महिने लावले, फोन उचलले नाहीत, आणि शेवटी पूर्ण संच घ्यायला लावला. लेथ मागवतानाच गिअरचा एक जादा संच आणि एक जादा बेल्ट मागवा.

बाकीचं काम तुलनेने सरळ गेलं. आस चाकात लॉकटाइटने (धातू चिकटवणाऱ्या द्रवाने) बसवले, दोन्ही बाजूंच्या क्रँकपिनमधला (चाकावरच्या, रॉड अडकवायच्या खिळ्यांमधला) ९० अंशांचा कोन साधायला साधी जिग (कोन पक्का धरणारा साचा) केली. रॉडची भोकं फ्रेमच्या भोकांवरूनच उतरवली, म्हणजे दोन्हीतली चूक सारखी राहते. ड्रिलिंगला मात्र वेगळं ड्रिल मशिन लागतं, लेथवर ते ओढूनताणून करू नका. बॉयलर हे ह्या मशिनचं काम नाही आणि माझंही एकट्याचं नाही. तांब्याचा बॉयलर जाणकाराकडून करून घेणार आणि चालवायच्या दाबाच्या दुप्पट पाण्याच्या दाबाने तपासल्याशिवाय पेटवणार नाही.

सध्या आठ जोडचाकं, मागची चार चाकं आणि फ्रेम इतकं उभं आहे, वजन ६१ किलो. अंगणात पट्टीचे ५ मीटर रूळ टाकले आहेत. वडील मुरूडचे, त्यांचं लहानपण बार्शी लाइटच्या शिट्टीवर गेलं. कुर्डुवाडी ते लातूर मार्ग २००८ पर्यंत ब्रॉडगेज झाला. २०१६च्या दुष्काळात मिरजेहून लातूरला पाण्याची गाडी आली, तीही बव्हंशी ह्याच जुन्या वाटेने. वडील हे सगळं सांगत सांगत फ्रेमला हात लावतात, रॉड एकदम वर येतात, एकदम खाली जातात, आणि ते वाकून फक्त चाकांकडे बघत बसतात.

लेथ घ्यावा का, असं विचारणाऱ्यांसाठी : चाक १२० मिमीपर्यंत असेल आणि मशिन सुटं करून पुन्हा जोडायची तयारी असेल तर घ्या. ७¼ इंची रुळाचं इंजिन डोक्यात असेल तर ह्याच्या वाटेला जाऊ नका, चाकं बाहेर मोठ्या लेथवर करून घ्या. मला पुढे ४० मिमी बोअरचे (आतल्या व्यासाचे) दोन सिलिंडर करायचे आहेत. सिलिंडर चकमध्ये न धरता सॅडलवर बांधून, बोरिंग बार (आतलं भोक कापणारा, टूल लावलेला दांडा) दोन सेंटरमध्ये फिरवून करणार आहे. त्याआधी क्रॉस स्लाइडचा स्क्रू-नट बदलतोय, बॅकलॅश, म्हणजे त्यातला ढिलेपणा, ०.२५ मिमीवर गेला आहे.